सहावी कमान

बंगळूरला येऊन मला तीन आठवडे झाले होते, तेव्हा एका सकाळी मी परक्या घराला आपलं घर समजून आत शिरले. भाजीची पिशवी घेऊन लाल पायऱ्या चढले, चपला काढल्या, पिशवी बाकावर ठेवली आणि जिना कुठे गेला म्हणून इकडेतिकडे बघत उभी राहिले. आम्ही माडीवर राहत होतो, आणि या घराला माडीच नव्हती.

आतून एक बाई ओले हात पुसत बाहेर आल्या. "यारु?" त्यांनी विचारलं. कोण तुम्ही, असं विचारतायत एवढं कळलं, पण उत्तर द्यायला माझ्याजवळ कानडीचा एक शब्द नव्हता. "मराठी, मराठी," एवढंच मी म्हणत राहिले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, मग माझी पिशवी स्वतःच उचलली आणि मला घेऊन निघाल्या. त्या भागात मराठी बोलणारं एकच घर त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या नशिबानं ते आमच्याच घरमालकांचं होतं. दोन गल्ल्या पलीकडे.

घरमालक नेहमीसारखे व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. त्या बाईंनी त्यांना कानडीत सगळं सांगितलं, दोघंही पोट धरून हसले, आणि मला रडू आलं.

"अय्यो, रडू नको, अम्मा," ते म्हणाले. मी बावीस वर्षांची होते, पण तिथे लहान मुलीलाही अम्मा म्हणतात. "पण चुकलीस कशी, ते तर सांग."

"सगळी घरं सारखीच आहेत, अण्णा. तीच कौलं, त्याच लाल पायऱ्या, खिडकीवर तीच लाकडी टोपी. ओळखायचं तरी कशावरून?"

अण्णांचं हसू थांबलं. "सगळी सारखी?" त्यांनी सावकाश विचारलं. त्यांच्या पाच मुलांना मी एकसारखी म्हटलं असतं, तरी ते इतके दुखावले नसते.

पन्नास सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली होती तेव्हा. माझे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. सकाळी साडेसहाला कारखान्याची बस नाक्यावर यायची, ती त्यांना संध्याकाळी साडेपाचला परत आणून सोडायची. मधले अकरा तास मी मल्लेश्वरममध्ये एकटी. मल्लेश्वरम तेव्हा शहराचा भाग कमी आणि एक वेगळं गाव जास्त होतं. प्लेगच्या साथीनंतर आखून वसवलेलं, सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, आणि दुपारी इतकं शांत की चार घरं पलीकडचा रहाट ऐकू यावा. मी सांगलीच्या बाजारपेठेत वाढलेली. ती शांतता मला खायला उठायची.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर तिकडे गेलेलं. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत निम्मी कानडी. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. अण्णा सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्याच कामात घालवली होती. निवृत्तीनंतर विहिरीपाशी शेवाळावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. डॉक्टर म्हणत, काठी घेऊन रोज फिरा. अण्णा व्हरांड्यापर्यंत येत आणि तिथेच बसत. दोन वर्षांत त्यांनी फाटक ओलांडलं नव्हतं. "या रस्त्यांनी मला धावताना बघितलंय," ते म्हणत, "लंगडताना कशाला बघायचं?" अक्कांनी सांगून सांगून सोडून दिलं होतं.

मी घर चुकले त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का माडीवर आल्या आणि अण्णांनी दिलेला, घडी घातलेला एक कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला. जुन्या निळ्या नकाशाची पाठकोरी बाजू होती. तिच्यावर शिसपेन्सिलीनं आमच्या आसपासचे रस्ते काढलेले, बाण दाखवलेले, आणि नऊ घरांवर एक ते नऊ आकडे. बाजूला प्रत्येक घराविषयी एकदोन ओळी. अण्णा शाळा कानडीत शिकलेले, त्यामुळे त्यांची देवनागरी अडखळत चालायची. "चार : हितल्या खांबाला हात लावून बगा." "पाच : कौलाखालची पट्टी बगा, घाई नको." खाली अट लिहिली होती. कुणालाही काही विचारायचं नाही, आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि अण्णांनी लिहिलेलं नाही असं एक तरी परत येऊन सांगायचं.

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा आहे, करू या. पाऊण तासात नऊ घरं उरकून मी परत आले. "बघितली, अण्णा. छान आहेत."

"सरी, बरं. दोन नंबरच्या घराचा व्हरांडा गोल की चौकोनी?"

मला सांगता येईना.

"पहिल्या घराच्या खिडकीवरची टोपी आहे, तिच्यात पट्ट्या उभ्या की आडव्या?"

तेही आठवेना.

"तू जाऊन आलीस, बघितलं काही नाहीस," अण्णा म्हणाले. "उद्या एकच घर. पहिलं. आणि स्वल्प उभी राहा त्याच्यापुढे."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या घरासमोरच्या झाडाखाली उभी राहिले. पहिली पाच मिनिटं नुसती लाज वाटली. रस्त्यानं जाणारी माणसं माझ्याकडे बघत होती. मग हळूहळू घर दिसायला लागलं. त्या लाकडी टोप्यांना तिथे मंकी-टॉप म्हणतात. खिडकीच्या वर उतरत्या छपराचं टोकदार लाकडी छत्र, आणि त्याला पुढून उभ्या पट्ट्यांची जाळी. मी त्याला शोभेची वस्तू समजत होते. पण उभी राहिल्यावर दिसलं की ऊन त्या पट्ट्यांपाशी अडत होतं आणि आत जात होती ती नुसती मऊ सावली. आत खिडकीशी कुणी बाई बसली होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या, तिला मी दिसत असणार, पण मला ती दिसत नव्हती. आणि प्रत्येक पट्टीचं खालचं टोक विड्याच्या पानासारखं कापलेलं. मी मोजत गेले. डावीकडून पंधरा पानं खाली टोक करून होती, सोळावं उलटं, टोक वर, आणि सतरावं पुन्हा सरळ.

धावतच घरी आले. "अण्णा, एक पान उलटं आहे!"

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "कुठलं?"

"उजवीकडून दुसरं."

त्यांनी बोटानं हवेत पट्ट्या मोजल्या. मग म्हणाले, "चाळीस वर्षं त्या घरावरून गेलो मी. मला नाही दिसलं." आणि आत अक्कांना ओरडून सांगितलं, "हिला कॉफी दे, चांगली दाट दे!"

त्या दिवसापासून मला सकाळची वाट बघायची सवय लागली. स्वयंपाक उरकला की मी कागद घेऊन निघायची. एका दिवशी एकच घर. दुसऱ्या घराचा व्हरांडा गोल होता, आणि त्याचं छप्पर छत्रीच्या काड्यांसारखं एका बिंदूत मिळालेलं. चौथ्या घराचे खांब काळ्या दगडाचे. हात लावला तर भर उन्हातही गार, आणि माणसाच्या हाताच्या उंचीवर गुळगुळीत झालेले, इतक्या लोकांनी त्यांना धरून चपला काढल्या असतील. त्याच घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून रस्त्याच्या बाजूला दगडी ओटा होता. त्याला तिथे जगली म्हणतात. कुणीही यावं, बसावं, दम खावा, घरच्यांना विचारायचीही गरज नाही. घर बांधतानाच परक्या माणसाची सोय करून ठेवणाऱ्या त्या लोकांचं मला फार कौतुक वाटलं. मी स्वतः तिथे रोज पाच मिनिटं बसू लागले.

पाचव्या घराशी मी इतक्या वेळा उभी राहिले की एक दिवस तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी फाटक उघडून हाक मारली, "ओळगे बन्नि." आत या. विचारायचं नाही अशी अट होती, बोलावलं तर जायचं नाही अशी नव्हती. आत लाल जमीन आरशासारखी चमकत होती. छपरात दोन कौलं काचेची बसवलेली, त्यांतून उन्हाचा एक तुकडा खाली उतरला होता. त्या तुकड्यात बसून त्या घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या. ऊन सरकेल तसं त्या सूप घेऊन सरकायच्या. मीही बसले आणि सोलू लागले. मी बोट दाखवायची आणि त्या शब्द सांगायच्या. कंबा म्हणजे खांब, बागिलु म्हणजे दार, मेट्टिलु म्हणजे पायऱ्या. अशी माझी कानडी घराच्या दारातून आत आली. वाण्याकडे मीठ मागताना मी अजून अडखळत होते, पण खांब आणि दार मला नीट म्हणता येत होतं.

मग आलं सातवं घर. अण्णांनी लिहिलं होतं, "सात : पाच कमानी. एक रुंद आहे. का, ते तू सांग."

घर मोठं होतं, पांढऱ्या चुन्याचं, पुढे लांबलचक कमानींचा व्हरांडा. मी मोजल्या. सहा भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी सहाच.

"पाच," अण्णा म्हणाले.

"सहा आहेत, अण्णा."

"पाच! मला सांगतेस? नोकरी लागायच्या आधी मी एका कंत्राटदाराकडे होतो. त्या घराचा नकाशा माझ्या हातचा. गवंड्याला कळावं म्हणून पूर्ण मापाची कमान मी दोरी धरून अंगणात आखली होती. माझी पहिली कमान ती. ऐदु! पाच!"

दुसऱ्या दिवशी मी पाटी-पेन्सिल घेऊन गेले. आयुष्यात कधी चित्र काढलं नव्हतं, पण त्या दिवशी समोर बसून एकेक कमान काढली. तिसरी जरा रुंद होती, तीही तशीच काढली. पाटी अण्णांपुढे धरली. त्यांनी एक नजर टाकली आणि दूर सारली.

"पुन्हा दुसऱ्याच घरी गेलीस," ते म्हणाले.

हे मला लागलं. इतक्या दिवसांनी, इतकं बघून झाल्यावर! "माझ्या डोळ्यांवर विश्वास नसेल," मी म्हणाले, "तर तुमचे डोळे घेऊन या आणि बघा. कोणी अडवलंय तुम्हाला?"

बोलून गेले आणि लगेच कळलं काय बोलले ते. अक्का दारात उभ्या होत्या, त्या तशाच थिजल्या. अण्णांनी मान वळवली. मी माडीवर पळाले.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते ताटावरून माझ्याकडे बघतच राहिले. "ज्या माणसाला पायानं घरात बसवलंय, त्याला असं बोललीस? उद्या सकाळी पहिलं काम, पाया पड आणि माफी माग."

सकाळी मी ती तयारी करूनच खाली उतरले. खुर्ची रिकामी होती. अण्णा पायरीवर बसले होते. दाढी घोटलेली, अंगात बंद गळ्याचा काळा कोट, डोक्याला जरीकाठी फेटा, हातात काठी. मी वाकायला लागले तर म्हणाले, "ते राहू दे. जटका बोलावलाय. पाटी घे तुझी." जटका म्हणजे आपला टांगा. अक्का आतल्या दाराशी उभ्या होत्या. पदरानं तोंड झाकून त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही.

सातव्या घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावर अण्णांनी टांगा थांबवला. "इथून चालतो," म्हणाले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला दुकानातून धावत खाली आला, हात जोडून उभा राहिला आणि कानडीत काहीतरी विचारू लागला. अण्णांनी मान हलवली आणि पुढे निघाले. पाय ओढत, काठी टेकत. दोन वर्षं ज्या गोष्टीला ते भीत होते, ती अशी चार पावलांत होऊन गेली. कुणीही हसलं नाही.

घरासमोर उभं राहून त्यांनी काठीनं एकेक कमान मोजली. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु..." आणि काठी हवेतच राहिली.

"आरु," ते हळूच म्हणाले. सहा.

मग त्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली आणि आता नीट बघितली. "मूर्ख मी," ते म्हणाले. "रुंद कमान तू तिसरी काढलीस. तिच्या या बाजूला दोन, त्या बाजूला तीन. रुंद कमान मी मधोमध ठेवली होती, अम्मा. याचा अर्थ उजवीकडची शेवटची नंतरची आहे. उत्तर पाटीवर होतं, मी रागानं बघितलं."

तेवढ्यात त्या घराचे मालक बाहेर आले. आमच्या अण्णांहून थोडे लहान, हातात वर्तमानपत्र. अण्णांनी आपण कोण ते सांगितल्यावर त्यांनी फाटक सताड उघडलं. ते कानडीत बोलत होते आणि अण्णा मला मराठीत सांगत होते. गेल्या वर्षी थोरल्या मुलाचं लग्न झालं तेव्हा एक खोली वाढवावी लागली, तिच्यापुढे व्हरांडाही वाढवला. नकाशा तोवर हरवला होता. मूळ गवंड्याचा मुलगा कामाला होता. त्यानं ओली दोरी कमानीला चिकटवत चिकटवत तिचा आकार घेतला, वाळून ताठ झालेली ती दोरी तशीच जमिनीवर ठेवून साचा केला, आणि सहावी कमान उभी केली.

अण्णा पाचव्या आणि सहाव्या कमानीमधल्या खांबापाशी गेले. जुनं बांधकाम संपून नवं सुरू होतं ती जागा इथेच असणार. काठी माझ्याकडे देऊन त्यांनी दोन्ही हातांनी चुन्याचा गिलावा चाचपला. वर, खाली, मागच्या बाजूनं. डोळे मिटून चाचपला. मग पाचवीची कड चाचपली, पुन्हा सहावीची.

"सांधा सापडत नाही," शेवटी ते म्हणाले. "पाच मी काढल्या, सहावी त्यानं काढली. त्यानं शाळा बघितली नसेल, कंपास बघितला नसेल. आणि माझी कुठली, त्याची कुठली, मला हातानं ओळखता येत नाही." त्या माणसाचा पत्ता त्यांनी विचारला. तो कामासाठी म्हैसूरकडे गेला, पुढचं कुणाला माहीत नव्हतं. अण्णांनी त्या सहाव्या कमानीला हात जोडून नमस्कार केला. मी कुणाला देवळाबाहेर इतक्या मनापासून नमस्कार करताना क्वचितच पाहिलंय.

कॉफी पिताना त्यांनी मला विचारलं, "आता सांग, तिसरी रुंद का?"

मी बघितलं. तिच्या मागे बरोबर घराचं मुख्य दार होतं. "दोन माणसं शेजारी शेजारी आत जावीत म्हणून?"

"कुठली दोन माणसं?"

माझं स्वतःचं लग्न होऊन तीन महिनेही झाले नव्हते. "नवरा-नवरी," मी म्हणाले, आणि घरच्या सगळ्या बायका हसल्या.

परतताना टांग्यात अण्णा म्हणाले, "काल तू मला बोललीस ते बरं केलंस. पण पुन्हा बोलू नको." घरी आल्यावर त्यांनी कागदावरचं 'पाच' खोडून 'सहा' केलं आणि पुढे लिहिलं, "शेवटची कुणाची, ते ओळखून बगा."

त्यानंतर अण्णांना घरात बसवणं कठीण झालं. आधी कोपऱ्यापर्यंत, मग देवळापर्यंत, मग मंडईपर्यंत. आठवं आणि नववं घर आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. मग त्यांनी दहावं, अकरावं असे आकडे वाढवत नेले आणि कागदाला दुसरा कागद जोडला. अक्का तक्रार करायच्या, "आधी बाहेर जा म्हणून ओरडायची, आता जेवायला या म्हणून ओरडते. या माणसाचं काय करायचं, बोल." कारखान्यात नव्या आलेल्या लोकांच्या बायका माझ्याकडे येत. त्याही माझ्यासारख्याच, भाषा नाही, ओळख नाही, दिवस जाता जात नाही. मी त्यांना तो नकाशा उतरवून द्यायची. एक नागपूरची होती, तिनं तर सहा महिन्यांत तिच्या भागाचा स्वतःचा नकाशा केला आणि अण्णांना दाखवायला घेऊन आली. त्यांनी तो भिंग लावून तपासला आणि तिला दोन चुका सांगितल्या. ती आनंदानं नाचायची बाकी होती.

चार-पाच वर्षांनी आम्ही राजाजीनगरला स्वतःच्या घरात गेलो. तिकडे तेव्हा नवी वस्ती उठत होती. सिमेंटची, सपाट छपराची, एका ठशाची घरं. अण्णा-अक्कांना जेवायला बोलावलं तेव्हा मला धाकधूक होती. मल्लेश्वरमच्या त्या घरांपुढे हे काय दाखवायचं? अण्णा दोन्ही खोल्या हिंडले, दारं उघडमिट करून पाहिली, खिडक्यांचे गज हलवून पाहिले, आणि काठी टेकत गच्चीवर गेले. तिथे त्यांनी मला तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं. पाणी नळीकडे न जाता मधेच साचून राहिलं.

"घर चांगलं आहे," ते म्हणाले. "उजेड चांगला घेतलाय. पाण्याला तेवढी वाट दाखवली नाही."

पुढच्या रविवारी सकाळी आठला ते बसनं आले, बरोबर मल्लेश्वरमचा एक म्हातारा गवंडी आणि चुन्याची घमेली. दुपारपर्यंत दोघांनी मिळून आमच्या गच्चीचा उतार नीट केला. अण्णा उन्हात उभे राहून दोरी धरत होते आणि गवंड्याला सूचना देत होते, गवंडी त्यातली निम्मी ऐकत होता. मग दोघं खाली येऊन जेवले, भात दोनदा घेतला, आणि चारची बस चुकेल म्हणून गडबडीनं निघाले.